घंगाळ, खडेमीठ आणि वीस मिनिटं

१८ जून

शाळा सुरू झाली. सहा तासिका उभ्याने, वर मधल्या सुट्टीत मैदानावर पहारा. घरी येऊन सँडल काढली तर पट्टा पायावर उमटलेला. मे महिन्यात साबणाचे चार घाणे काढून झालेत, आता पाण्यात घालायच्या मिठाकडे वळायचं ठरवलंय.

आधीच सांगते, आमच्या ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बाथटब नाही. न्हाणीघर चार बाय सहा, त्यात गीझर, दोन बादल्या आणि वॉशिंग मशीन. बाहेरच्या कृती सगळ्या टबाच्या हिशेबाने लिहिलेल्या असतात, दोन-दोन कप मीठ घाला म्हणतात. त्या आपल्या कामाच्या नाहीत. म्हणून मी फक्त पायांपुरता नाद धरलाय: दर रविवारी वीस मिनिटं पाय मिठाच्या गरम पाण्यात सोडून बसायचं. भांडं म्हणजे माहेरचं तांब्याचं घंगाळ. चिपळूणला आजी बंबातलं पाणी त्यात काढायची, इकडे आल्यापासून त्यात मनीप्लांट होता. मनीप्लांटची सोय बादलीत केली. आठ लिटर पाणी घातलं की घोट्याच्या वर चार बोटं येतं.

मिश्रण पहिलं: एप्सम सॉल्ट २०० ग्रॅम, खडेमीठ १०० ग्रॅम, खायचा सोडा ५० ग्रॅम. एका वेळेला यातलं १०० ग्रॅम.

एप्सम सॉल्ट हे आपल्या जेवणातलं मीठ नव्हे, मॅग्नेशियम सल्फेट. इंग्लंडमधल्या एप्सम गावच्या कडू पाण्यातून ते काढायचे, म्हणून हे नाव. कुंडीतल्या गुलाबाला घालतात तेही हेच, पण खताच्या पाकिटातलं पायाला वापरू नका. ते कातडीतून आत जाऊन दुखणं घालवतं वगैरे दाव्यांना भक्कम आधार नाही. निम्मा आराम गरम पाण्याचा आणि निम्मा बुड टेकवून बसल्याचा, असा माझा हिशेब. तरी मी ते घालते, कारण पाणी हाताला जरा गुळगुळीत लागतं आणि मला तोलून-मापून काहीतरी करायची हौस आहे.

२३ जून

पाणी ४१ अंशांवर घेतलं (साबणाचा थर्मामीटर). पाय सोडले. दोन मिनिटांत कुरिअरवाला. परत बसले तर कुकरच्या शिट्ट्या कोणी मोजल्या नाहीत म्हणून उठले. ओल्या पावलांचे ठसे घरभर. एकूण बैठक सहा मिनिटं.

३० जून

आज पेपरमिंट तेल घातलं. थेट पाण्यात, पाच थेंब. चूक. सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तरंगतं आणि पाय आत जाताना नेमकं घोट्याभोवती चिकटतं. आधी थंडगार वाटलं, मग मिरचीच्या हाताने खाजवल्यासारखी आग. घोट्याला लाल कडं. नुसत्या पाण्याने धुऊन भागलं नाही, खोबरेल चोळून पुसल्यावर कुठे थांबलं.

साबण करताना हे मला पाठ होतं, इथे कसं विसरले कोण जाणे. आता नियम असा: मोठा चमचाभर तिळाच्या तेलात जास्तीत जास्त तीन थेंब, नीट ढवळून, मग तेच मिठाला चोळायचं. लव्हेंडर चालतं. दालचिनी आणि लवंगेच्या तेलाच्या वाटेलाच जाऊ नका. तेल घातलं की फरशी निसरडी होते, पाय बाहेर काढायच्या आधी खाली जुना टॉवेल हवाच.

७ जुलै

मीठ गळायला लागलं. बरणीत तळाशी पाणी आणि वर ढेकूळ. दोष खडेमिठाचा, त्यात थोडं मॅग्नेशियम क्लोराइड असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. एप्सम सॉल्टची वेगळी बरणी मात्र कोरडी ठणठणीत. खडेमीठ तव्यावर मंद आचेवर भाजून, गार करून, परत भरलं. एप्सम भाजायला जाऊ नका, त्याच्या खड्यातच पाणी बांधलेलं असतं आणि तापवलं की ते सुटून सगळा चिकट लगदा होतो. (हो, करून पाहिलंय.)

१४ जुलै

बाथ बॉम्बची, म्हणजे पाण्यात फुसफुसत विरघळणाऱ्या गोळ्यांची, हौस फिटली. लिंबूसत्व, सोडा, थोडं तेल, वाटीच्या साच्यात दाबून सहा गोळे केले. रात्रभर वाळत ठेवले ते ठाण्याच्या जुलैच्या हवेत. सकाळी सहाही गोळे फुगून तडकलेले, बटाटेवड्याचं पीठ सुटावं तसे. फुसफुस पाण्यात व्हायची ती हवेतल्या ओलीनेच रात्रीत उरकून घेतली होती.

टाकवेना, म्हणून दोन गोळे घंगाळातल्या मिठाच्या पाण्यात घातले. जेमतेम बुडबुडे आले. पाय बाहेर काढल्यावर बघते तर पाण्याला किंचित निळसर झाक, आणि घंगाळ पाण्याच्या रेषेपर्यंत गुलाबी लख्ख, वर मात्र पूर्वीसारखं काळपट. आंबट आणि मीठ एकत्र आलं की तांब्यावरचा थर निघतो. चिंच-मीठ लावून आपण तेच तर करतो! तेवढं तांबं पाण्यात उतरलं म्हणायचं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, उरलेले चार वरच्या भागाला चोळ म्हणजे दिवाळीचं काम होईल."

चोळले. झालं काम. तांब्यात आंबट काही घालायचं नाही, आणि बाथ बॉम्ब ऑक्टोबरपर्यंत बंद.

२१ जुलै

बसले नाही. पालकसभा.

२८ जुलै

बसले नाही. तपासायच्या वह्या.

४ ऑगस्ट

मिठाऐवजी पुरचुंडी. काष्ठौषधींच्या दुकानातून नागरमोथा, कचोरा आणि वाळ्याची जुडी आणली. मागे एकदा उटणं तसंच पाण्यात घातलं होतं, तर मोरीची जाळी तुंबली आणि आंबेहळदीने टॉवेल पिवळा झाला. म्हणून या वेळी नागरमोथा-कचोरा जाडसर कुटून मलमलच्या फडक्यात बांधलं, आणि वाळ्यासकट पाण्यात दहा मिनिटं उकळलं. मग ते पाणी घंगाळात, वरून गार पाणी.

वास कसा सांगू? वाळ्याचा पहिल्या पावसाच्या मातीसारखा, मागून नागरमोथ्याचा जरा उग्र, लाकडासारखा. नरकचतुर्दशीची पहाट ऑगस्टमध्येच न्हाणीघरात येऊन बसली. लव्हेंडरची बाटली मी मागच्या फळीवर ढकलली आहे. पुरचुंडी वाळवून दोनदा वापरता येते, तिसऱ्यांदा नुसती ओल्या गोणपाटासारखी लागते.

वीस मिनिटं पूर्ण. पहिल्यांदाच.

११ ऑगस्ट

तापमानाची नोंद. घंगाळ: ४१ वरून वीस मिनिटांत ३५. प्लास्टिकचा टब, तेवढंच पाणी: ४१ वरून ३७. तांबं उष्णता भराभर बाहेर सोडतं. घंगाळाभोवती जुनी गोधडी गुंडाळल्यावर ३७च्या जवळ आलं. ४१च्या वर मी जात नाही, फार कढत पाण्याने पाय कोरडे पडून नंतर भेगाळतात.

सासऱ्यांनी "मलाही द्या" म्हटलं, पण त्यांना मधुमेह आहे. अशा पायांना बरेचदा चटका कळत नाही आणि जखम लवकर भरत नाही, त्यामुळे त्यांचा बेत रद्द. त्यांना राग आला. आठवडाभर माझ्या मिठाला ते 'ते तुमचं खत' म्हणत होते.

१८ ऑगस्ट

सासूबाईंची सूचना: हात रिकामेच असतात, मेथी निवडायला घे. घेतली. मेथी झाली, पाणी गार झालं, आणि मी बसले होते हे मला उठल्यावर कळलं. पुढच्या वेळी मेथी नको म्हणून सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण जुडी फ्रिजमध्ये गेली.

२५ ऑगस्ट

गणेशपुरीला गेलो होतो. देवळाजवळची गरम पाण्याची कुंडं. गंधकाचा वास, पायऱ्यांवर शेवाळ. काठावर म्हाताऱ्या बायका गुडघ्यापर्यंत पातळ वर करून पाय सोडून बसलेल्या. गप्पा फारशा नाहीत. एकीने मला बाजूला सरकून जागा दिली आणि परत समोर बघत बसली. अर्ध्या तासाने ती तिथेच होती. ना मीठ, ना तेल, ना घड्याळ.

१ सप्टेंबर

रविवार सोडून दिला. रविवारी घर भरलेलं असतं, सगळ्यांना माझ्याकडून काहीतरी हवं असतं. आता बुधवार, पावणेसहा. मुलगा क्लासला, सासूबाई देवळात. मीठ आधीच १०० ग्रॅमच्या पुड्यांत बांधून ठेवलंय, पुरचुंड्या डब्यात. पाणी तापेपर्यंत फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर. तयारीला सात मिनिटं लागतात. जून महिन्यात पंचवीस लागत होती, आणि तेवढ्यात कोणी ना कोणी हाक मारायचंच.

१८ सप्टेंबर

सलग तिसरा बुधवार. मिश्रण आता एवढंच उरलंय: एप्सम ६० ग्रॅम, भाजलेलं खडेमीठ ४० ग्रॅम, एक पुरचुंडी. सोडा काढून टाकला. तो अल्कधर्मी असतो, त्याने माझ्या टाचा कोरड्या पडत होत्या.

आज देवळातून लवकर परतलेल्या सासूबाईंनी पाण्यात बोट बुडवून पाहिलं आणि "कोमट झालंय की" एवढंच म्हणाल्या. मग स्टूल आणायला गेल्या.

पुढचा प्रयोग निर्गुडीच्या पाल्याचा. बाळंतिणीच्या पाण्यात घालतात तो. शाळेच्या मागच्या कुंपणाला भरपूर आहे, शिपाईमामांना विचारून ठेवलंय.