पहिल्या घाण्याआधी

कढईत अजून एकही वडा पडला नव्हता आणि तेल तपासायच्या मीटरवर आकडा आला २८.५.

मी दांडी बाहेर काढली, टोक कागदाने पुसलं, कढईच्या लोखंडाला लागणार नाही असं बघून पुन्हा बुडवली, हळूहळू फिरवली. २८. दिवा लालच. माझ्या शेजारी नमुना सहायक उभा होता. तो हळूच म्हणाला, "मॅडम, बॅटरी गेली असेल."

मी अन्न सुरक्षा अधिकारी. गोष्ट ऑगस्ट २०१९ मधली, श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारची, पुण्याच्या महात्मा फुले मंडईबाहेरची. गणपती दोन आठवड्यांवर आले होते. त्या दिवसांत मंडईभोवती जी गर्दी उसळते आणि जितकं तळण तिच्या पोटात जातं, त्याच्या आधी एकदा सगळ्या गाड्यांची तेलं तपासून घ्यायची, असं ठरलं होतं. तळून तळून तेल तुटतं आणि त्यात काही नको असलेली द्रव्यं साठत जातात. त्यांना आम्ही एकत्रितपणे टीपीसी (टोटल पोलर कंपाउंड्स) म्हणतो. १ जुलै २०१८ पासून नियम असा, की त्यांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. नवं तेल साधारण पाच-सात-आठ दाखवतं, मग दिवसभराच्या तळणात चढत जातं. चढायला तळण तर व्हायला हवं! इथे कढई आत्ताच चढली होती.

त्याआधी तासाभरापूर्वी मी अगदी उलटा अनुभव घेतला होता. मंडईच्या कोपऱ्यावर एक आजी सहा वाजल्यापासून कांदाभजी काढत होत्या. गिऱ्हाईक म्हणजे हमाल, टेम्पोवाले आणि गाळे उघडायला आलेली माणसं. कढई काळी, तेल त्याहून काळं, खाली बेसनाचा चुरा. बघूनच मी मनात त्यांची नोटीस लिहून टाकली होती. मीटर अशा उकळत्या भज्यांत घालून चालत नाही, पाण्याने आकडा चुकतो. म्हणून त्यांना घाणा काढून पाच मिनिटं थांबायला सांगितलं. हमालांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती विसरता येणार नाही. आकडा आला १७.

"किती मार्क पडले?" आजींनी विचारलं.

"पास आहात."

"मग? कढई लहान ठेवते मी. दुपारपर्यंत तेल संपलं पाहिजे. सोडा घालत नाही, सोड्याने तेल लवकर मरतं. आणि फेस बसेनासा झाला की समजायचं तेल मेलं. मेलेल्यात तळायचं नाही."

प्रशिक्षणात आम्हाला हेच अर्धा दिवस शिकवलं होतं, पडद्यावर आलेख दाखवून. आजी भजी वर्तमानपत्रात देत होत्या. तेही नियमात बसत नाही, शाई अन्नात उतरते. ते मी त्यांना सांगितलं, पण जरा खालच्या आवाजातच.

तर हे दुसरे, ज्यांच्या कढईत २८ आला ते काका. यांचं सगळं कसं नीट! स्टीलचा गाडा, डोक्यावर टोपी, कमरेला ॲप्रन, पिण्याच्या पाण्याला झाकण. तेव्हा शंभर रुपये भरून मिळणारं नोंदणी प्रमाणपत्र प्लॅस्टिकमध्ये घालून समोर टांगलेलं. तेल सोनेरी आणि नितळ. श्रावणी सोमवार म्हणून एका परातीत साबुदाणा वड्याचं भिजवलेलं साबुदाणा-बटाट्याचं मिश्रण, दुसऱ्यात बटाटेवड्याचं सारण. उपवासाची कढई वेगळी. दोन कढया सांभाळणारे गाडेवाले फार थोडे.

बॅटरीची शंका काढायला मी समोरच्या दुकानातून तेलाची पिशवी आणायला लावली. चहावाल्याचं पातेलं घेऊन ते तेल गरम केलं आणि मीटर बुडवला. ६.५. यंत्र बरोबर होतं.

"काका, हे कालचं तेल आहे?"

"आत्ता डबा फोडला मॅडम. तुमच्यासमोर."

ते खरं होतं. मी गाड्यापाशी आले तेव्हा ते डब्यातून तेल ओतत होते. डबा पंधरा किलोचा, पण त्यावर ना लेबल, ना बॅच, ना तारीख. झाकणाला सील नव्हतं, खाकी चिकटपट्टी होती. सुटं तेल विकायला मुळात परवानगी नाही, ते बंद पाकिटात आणि लेबलासह विकायचं असतं. पण गाडेवाले सुटं घेतात हे आम्हाला माहीत असतं आणि आम्हाला माहीत आहे हे त्यांनाही.

मी डब्याला नाक लावलं. नव्या तेलाला वास असा नसतोच. याला होता, अगदी पुसट, लसूण आणि आणखी कशाचा तरी. मी डबा काकांपुढे धरला. त्यांनी वास घेतला. तीस वर्षं तळणात काढलेल्या माणसाला त्यापुढे सांगावं लागलं नाही.

"हे वापरलेलं आहे," ते म्हणाले.

"हो."

"कुठल्या हॉटेलातलं?"

"ते कसं सांगणार?"

ते परातीकडे बघत राहिले. मग आवाज एकदम उतरला. "मॅडम, यात चिकन तळलं असेल?"

मी काही बोलले नाही. मोठ्या हॉटेलांत तेल तळून झालं की गाळतात, निवळवतात, ते दिसायला स्वच्छ होतं. टीपीसी मात्र गाळणीने जात नाही आणि त्यात काय तळलं होतं तेही जात नाही. आजींचं काळं तेल बेसनाने काळं झालं होतं. यांचं सोनेरी तेल मेलेलं होतं. रंगावरून तेल ओळखू नका, हे मी लोकांना भाषणात सांगत आले होते आणि तासाभरापूर्वी स्वतःच रंगावरून नोटीस लिहायला बसले होते.

काकांनी दोन्ही कढयांखालचा गॅस बंद केला. मी सांगायच्या आधी.

पुढचं काम रुक्ष असतं, पण ते न चुकता करावं लागतं. पंच म्हणून मंडईतले एक गाळेवाले आले. विक्रेत्याला नमुना घेत असल्याची लेखी सूचना, तेलाची किंमत देऊन पावती, चार भाग, चार बाटल्या, लेबल, दोरा, लाख, सह्या. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, अहवाल चौदा दिवसांत यावा असा नियम आहे. चौथा भाग विक्रेत्याने मागितला तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो, पण त्याच्या खर्चाने. हे वाक्य मी वाचून दाखवलं तेव्हा पंच हसले. "तो खर्च परवडला असता तर याने डबा कशाला घेतला असता?"

डब्यामागे काकांचे तीनशे रुपये वाचत होते. महिन्याला दहा-बारा डबे. टेम्पोवाला दर सोमवारी-गुरुवारी यायचा, 'पामतेल आहे, गुजरातहून येतं' असं सांगायचा. तो आज साडेअकराला येणार होता. मी वरिष्ठांना फोन लावला आणि ठरलं, थांबायचं.

अडीच तास मी मंडईच्या पायरीवर बसून काढले. नेहमी आम्ही इथे येतो ते गाड्यावरून गाड्यावर. मान वर करून ती इमारत बघायला वेळ त्या दिवशी पहिल्यांदा मिळाला. मधला अष्टकोन, त्यावरचा मनोरा आणि चारी बाजूंना पसरलेले पंख. त्याआधी पुण्याचा भाजीबाजार शनिवारवाड्यापुढच्या पटांगणात, उघड्यावर भरायचा. १८८६ मध्ये ही इमारत उघडली, तेव्हा तिला मुंबईच्या गव्हर्नरचं नाव होतं, रे मार्केट. जोतीराव फुले त्याआधी नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा पैसा घालण्याला त्यांचा विरोध होता, तो शिक्षणावर खर्च करा असं त्यांचं म्हणणं होतं. ज्या घराण्याचं आडनावच फुलांच्या धंद्यावरून पडलं, त्या घरचा हा माणूस. बाजार म्हणजे काय हे त्यांना सभागृहातल्या बाकीच्यांपेक्षा नक्की जास्त कळत होतं. आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना याच इमारतीला नाव दिलं गेलं ते फुल्यांचं! मी पंचांना हे म्हटलं तर ते म्हणाले, "पुण्यात विरोध करणाऱ्याचंच नाव राहतं."

घाऊक बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, मंडईत किरकोळ विक्री उरली. पण आत गाळा आणि बाहेर पथारी, ही विभागणी तशीच आहे. गाळेवाल्याला छप्पर आहे, वजनकाटा आहे, वारसाहक्क आहे. त्याला पहाटे लागणारा चहा आणि भजी मात्र बाहेरून येते, ज्याच्याकडे छप्पर नाही त्याच्याकडून. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आला, तरी गाडा उचलला जाण्याची भीती काही गेलेली नाही. काका पण मधून मधून विचारत होते, "गाडा नेणार नाही ना?" गाडा नेणं माझ्या हातात नाही, ते दुसरं खातं, असं मी तीन वेळा सांगितलं. सरकारी माणसांत खाती वेगवेगळी असतात, यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. त्यांच्या जागी माझाही बसला नसता.

एकीकडे माणसं येत होती. "काका, वडे?" "आज नाही. गॅस संपला." कोल्हापूर-सांगलीच्या महापुराला पंधरा दिवसही झाले नव्हते, मंडईत सगळ्या बोलण्याचा ओघ तिकडेच जात होता. गॅस संपल्याची चौकशी कुणी फार केली नाही. भिजवलेला साबुदाणा तसाच होता. एक डझनभर माणसांचा उपवास त्या परातीत होता.

टेम्पो पावणेबाराला आला. आत नऊ डबे. माणूस विशीतला, घाबरला तेव्हा अजूनच लहान दिसायला लागला. कागद नव्हतेच. डबे आम्ही जप्त केले, मीटर बुडवायला तेल गरम नव्हतं म्हणून पुन्हा चहावाल्याचं पातेलं. २७, ३०, २६.५. त्याच्याकडे एक शाळेची वही होती. डाव्या पानावर कुठून किती घेतलं, उजव्या पानावर कुणाला किती दिलं. डावीकडे सात हॉटेलं. त्यातल्या एकात महिनाभरापूर्वी आमच्या कार्यालयातल्या साहेबांचा निरोपसमारंभ झाला होता. तिथलं क्रिस्पी काहीतरी मी दोनदा मागून घेतलं होतं.

आम्ही तिथे दुसऱ्या दिवशी गेलो. व्यवस्थापकांनी थंडगार खोलीत बसवलं आणि पावत्या दाखवल्या. वापरलेलं तेल 'साबणासाठी' विकलं असं त्यावर व्यवस्थित लिहिलेलं. "पुढे तो काय करतो ते आम्हाला कसं कळणार मॅडम?" वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करणाऱ्या नोंदणीकृत लोकांना द्यायचं, अशी योजना तेव्हा वर्षभर आधी, २०१८ मध्ये सुरू झाली होती. ते लोक कमी भाव देतात, हे त्यांनी सांगितलं नाही, मला माहीत होतं.

अहवाल आला. तेल कमी दर्जाचं. कायद्याच्या भाषेत ते तेल ज्याच्याकडे विक्रीच्या अन्नासाठी सापडलं तो पहिला जबाबदार, म्हणजे काका. त्यांच्या कागदावर मी सगळ्यात आधी सही केली, कारण तो कागद सगळ्यात सोपा होता. टेम्पोवाल्याचा त्यानंतर. हॉटेलांची फाईल जाड होत गेली, उत्तरं वकिलांकडून यायला लागली. माझी बदली झाली तेव्हा ती उघडीच होती.

काका आता पिशव्यांचं तेल वापरतात. कापलेल्या रिकाम्या पिशव्या गाड्याच्या खिळ्याला अडकवून ठेवतात, लोकांना दिसाव्यात म्हणून. वडा दोन रुपयांनी वाढवला, त्यावर काही दिवस कुरबुर झाली.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या सकाळी बाटल्यांना लाख लावत असताना एक गृहस्थ आले. कपाळाला भस्म, हातात बेलाची पिशवी. मागच्या दोन्ही सोमवारी त्यांनी इथेच फराळ केला होता, रोजचं गिऱ्हाईक. काकांनी त्यांना पाहिलं आणि वळून डबे पुसायला लागले. गृहस्थांनी माझ्याकडे, लाखेकडे, बाटल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "काय हो मॅडम, तेलात काही आहे का?"

काकांचा हात थांबला होता.

"नमुना घेतलाय," मी म्हटलं, "अहवाल यायचाय."