ग्रंथालय संघाच्या सभेला दादरला जाताना

आमच्या वाचनालयात मी एकटीच असते. देवघेव, आलेलं प्रत्येक पुस्तक टिपायची दाखल नोंदवही, बालविभाग, संध्याकाळचा झाडूही. एखादं पुस्तक कुठल्या वर्गांकात, म्हणजे विषयाच्या क्रमांकात, घालावं हे विचारायलाही माणूस नसतो. ग्रंथालय संघाच्या सभेला मुंबईला गेले ती त्यासाठीच. पुढच्या वेळी तुम्ही ग्रंथपालांनीही यावं म्हणून हे लिहिते आहे.

कणकवलीहून संध्याकाळची तुतारी एक्सप्रेस धरा. कोकणकन्या पुढे सीएसएमटीला जाते, त्यामुळे दादर चुकेल या धास्तीने झोप लागत नाही. तुतारी दादरलाच संपते. आरक्षण मात्र आधी काढा.

सभा रविवारी, दादर पूर्वेच्या एका शाळेत होती. सकाळची भाषणं लांबली. वेतनश्रेणीचा विषय निघाला तसं सभागृह एकदम सावरून बसलं. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने वाचनालयाला अनुदान मिळतं, पण आपण संस्थेचे नोकर, सरकारी वेतनश्रेणी आपल्याला नाही. माझ्या शेजारचे काका उठले, तीस वर्षं ग्रंथपाल आहेत म्हणाले, महिन्याचा पगार सांगितला आणि खाली बसले. कोणी टाळी वाजवली नाही. ते ऐकायला तरी आपण सगळ्यांनी तिथे असायला हवं, असं मला फार वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत एका कॉलेजच्या ग्रंथपाल ताईंना मी आमच्याकडचं फाटकं पुस्तक दाखवलं. मीच त्याला सेलोटेप लावली होती. टेप पिवळी पडून तिचा चिकटा अक्षरांत उतरला होता. ताईंनी पिशवीतून पातळ जपानी टिश्यू काढला. पट्टी कात्रीने कापली नाही, पाण्याची रेघ ओढून हाताने फाडली, म्हणजे कडेचे तंतू मोकळे राहतात आणि जोड उठून दिसत नाही. मैद्याची पातळ खळ ब्रशने लावली, वरखाली बटर पेपर ठेवला आणि वर जाडजूड शब्दकोश. "वाळेपर्यंत उघडू नकोस हं," म्हणाल्या. तेव्हा येताना एक फाटकं पुस्तक आणि अडलेल्या नोंदींचे फोटो आणाच. जेवायला ओळखीच्यांत बसू नका.

सोमवार हाताशी ठेवा. सकाळी नायगावला शारदा टॉकीजच्या इमारतीत मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. संस्था 1898 सालची. दुपारी लोकलने सीएसएमटी आणि तिथून चालत टाउन हॉल. पुढच्या तीस पायऱ्या चढून एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात पोचतो, गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा. राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाचा पत्ताही टाउन हॉलचाच. 1954 च्या कायद्याने देशात छापलेलं प्रत्येक पुस्तक ज्या चार ग्रंथालयांकडे पाठवायचं, त्यांतलं हे एक. आपल्या दोन खोल्यांतली दाखल नोंदवही आणि इथली, काम एकच आहे, हे तिथे उभं राहून जाणवलं आणि डोळे भरून आले. नायगावला आणि टाउन हॉललाही ओळखपत्र आणि संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र जवळ असू द्या, आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा.

परतीची तुतारी दादरहून रात्री बारानंतर सुटते. म्हणजे सोमवारी रात्री निघायचं असेल तर तिकीट मंगळवारच्या तारखेचं हवं. आमच्यातल्या दोघींनी सोमवारचं काढलं होतं, त्यांची गाडी आदल्या रात्रीच निघून गेली होती.