टिपण, तूरडाळ आणि बँकेचा मेसेज

सोमवार

ताईंना टिपण हवंय. दोन पानी, सोप्या भाषेत, 'आपल्या शहराचं किमान वेतन वाढवा' या मागणीवर. नगरसेविका झाल्यापासून त्यांच्या दारात सकाळी कंत्राटी सफाई कामगार उभे असतात, त्यामुळे घाईही आहे. सोबत कुणीतरी पाठवलेली सिॲटलची बातमी जोडलीय. तिथल्या नगर परिषदेने 2014 साली तासाला 15 डॉलरपर्यंत जाण्याचा कायदा केला, मग आपण का नाही?

आपण नाही, कारण आपल्याकडे महापालिकेला तो अधिकारच नाही. आपल्या भागातल्या बहुतेक उद्योगांचे दर राज्य सरकार ठरवतं. 1948च्या कायद्यात तसंच होतं आणि नोव्हेंबर 2025पासून लागू झालेल्या वेतन संहितेतही तसंच आहे. आता फक्त केंद्राने आखलेल्या पातळीच्या खाली राज्याला जाता येणार नाही. महासभेने एकमताने ठराव केला तरी तो मंत्रालयात शिफारस म्हणून जाईल आणि तिथल्या गठ्ठ्यात बसेल. टिपणात असं लिहिता येत नाही, म्हणून इथे लिहून मोकळी होते.

सिॲटलवर सहकाऱ्याला अख्खं पान हवं होतं. 13 डॉलरचा टप्पा आल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांच्या गटाला कमी पगाराच्या कामांचे तास घटलेले दिसले. त्याच वर्षी, 2017 साली, बर्कलीच्या गटाला हॉटेलांतल्या नोकऱ्या घटलेल्या दिसल्या नाहीत. वाद रंगतदार आहे, पण मी तो चार ओळींवर आणला. ताईंच्या दारातल्या लोकांना आज जाहीर असलेला दरच मिळत नाही. तो वाढल्यावर काय होईल, ही फार पुढची गोष्ट.

मंगळवार

आकडा मात्र द्यावाच लागणार. आकडा नसलेलं टिपण कुणी वाचत नाही.

किमान वेतन काढण्याचं 1957च्या भारतीय श्रम परिषदेचं सूत्र घेऊन बसले. त्यात कुटुंबाचा खाण्यापिण्याचा खर्च एककांत मोजतात. कमावणाऱ्याला एक एकक, बायकोला 0.8, दोन मुलांना 0.6 प्रमाणे, म्हणजे एकूण तीन. प्रत्येक एककाला दिवसाला 2,700 कॅलरी. कुटुंबाला वर्षाला 72 वार कापड. शिवाय घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती-किरकोळसाठी 20 टक्के. मुलांचं शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य, म्हातारपण यांसाठी आणखी 25 टक्के धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 साली सांगितलं. गावाकडच्या सासू-सासऱ्यांना या हिशेबात जागा नाही. सुनेने 0.8 का खायचं, हेही कुणी विचारलेलं दिसत नाही.

तूरडाळीच्या भावावर अडले. सहकारी म्हणाला, वाशीच्या एपीएमसी मार्केटातला घाऊक भाव टाक, सरकारी कागदासारखं दिसेल. पण पोतं कोण घेतं? संध्याकाळी कोपरखैरणेतल्या किराणावाल्याकडे मुद्दाम उभी राहिले. माझ्यापुढच्या बाईने पाव किलो डाळ, वीस रुपयांचं तेल आणि शाम्पूची पुडी घेतली. पाव किलोला दुकानदार किलोच्या भावाचे चार भाग करत नाही, वर दोन-तीन रुपये चढवतो. वर्षभर असं घेतलं की गरिबाची डाळ आपल्या डाळीपेक्षा महाग पडते, आणि तीही मार्केट हाकेच्या अंतरावर असताना. मी पाव किलोचा भाव धरला.

भाड्याचं तर विचारूच नका. केंद्राने नेमलेल्या सत्पथी समितीने 2019 साली 3.6 एककं आणि 2,400 कॅलरी धरून दिवसाला 375 रुपये सुचवले, जुलै 2018च्या भावांनी. केंद्राने सुचवलेली राष्ट्रीय किमान वेतनाची पातळी 2017 साली 176 रुपये होती, म्हणजे ही मोठीच उडी. शहरी कामगाराला घरभाड्यापोटी दिवसाला 55 रुपयांपर्यंत वेगळे, कामाचे 26 दिवस धरून महिन्याचे 1,430. एवढ्यात घणसोली गावात खोली सोडा, पोटमाळाही मिळणार नाही.

गुरुवार

ताईंनी एका सफाई मावशींना बोलावून घेतलं होतं. जिल्ह्यातल्याच एका महापालिकेच्या ठेकेदाराकडे त्या आहेत, कुठल्या ते लिहीत नाही. पगाराची स्लिप मागितली तर म्हणाल्या, ती मुकादमाकडे असते. मग पदरात गुंडाळलेला मोबाइल काढून बँकेचा मेसेज दाखवला. काचेला तडा गेलेला, मी स्क्रीन तिरपी करून वाचली. जमा झालेली रक्कम दरपत्रकाशी जवळपास जुळत होती. मी चकित झाले.

"तसं नाय मॅडम," त्या म्हणाल्या, "जमा सगळे होतात. दुसऱ्या दिवशी काढून द्यायचे असतात."

"कुणाला?"

"मुकादमाला. पुढं कुठं जातात ते त्यालाच ठाऊक. नाय दिले तर हजेरी लागत नाय."

कागदावर पगार पुरा, पीएफची कपात पुरी, ऑडिटला शंका घ्यायला जागा नाही. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवून घेणं ही वेठबिगारीच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982च्या एशियाडच्या कामगारांच्या खटल्यात म्हटलं होतं. मावशींना मी ते सांगितलं नाही. काय उपयोग होता?

शुक्रवार

पहिलं पान पुसून नव्याने लिहिलं. दर वाढवता येत नसला तरी मजूर लावणाऱ्या निविदा महापालिकाच काढते. ठेकेदाराने पगार थकवला तर मूळ मालकाने, म्हणजे इथे महापालिकेने, तो द्यायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा, ही तरतूद 1970च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनची आहे. गोम निविदेतच आहे. काम सर्वात कमी दरवाल्याला. त्यामुळे बिलो, म्हणजे अंदाजित खर्चाच्या खाली दर टाकण्याची चढाओढ. किमान वेतनात मूळ दराच्या वर मिळणारा विशेष भत्ता तर महागाई निर्देशांकाप्रमाणे जानेवारी-जुलैत बदलतो. निविदेत भाववाढीचं कलम नसेल तर वाढलेला भत्ता ठेकेदाराच्या अंगावर येतो, आणि ठेकेदार तो मावशींच्या अंगावर ढकलतो. ठेकेदाराचा कळवळा नाही मला, पण त्याचं गणित असं चालतं.

म्हणून दोनच मागण्या ठेवल्या. मजुरी बोलीतून वगळा, बोली फक्त ठेकेदाराच्या सेवाशुल्कावर लावा. आणि भत्त्याची वाढ महापालिकेने आपोआप द्यावी. मेसेजनंतरच्या वसुलीवर याने सगळा इलाज होत नाही, हेही लिहिलं. हजेरी मुकादमाच्या वहीतून काढून घेतल्याशिवाय तो होणार नाही. सहकाऱ्याला हे वाक्य नको होतं, टिपण दुबळं वाटतं म्हणे. मी ठेवलं.

आकडा शेवटी परिशिष्टात गेला, पाव किलोच्या डाळीसकट.

रात्री ताईंचा फोन. आकडा मागे टाकला म्हणून थोड्या खट्टू होत्या. पण निविदेचा मसुदा अजून विभागातच आहे म्हणाल्या, कलमं थेट त्यात घालता येतील अशा भाषेत लिहून दे. सोमवारपर्यंत हवीत. आमच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त लेखाधिकारी राहतात, उद्या त्यांच्याकडे जाऊन बिलाचा नमुना समजून घेते.