भीती वाटत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न माझ्याकडे दोन दारांनी येतो. जिममध्ये: "एवढं वजन खांद्यावर घेऊन खाली बसताना भीती नाही वाटत?" आणि जिमबाहेर, पगाराची नोकरी सोडल्याचं कळलं की: "भीती नाही वाटली?" दोन्हीकडे उत्तराची वाट कोणी बघत नाही. पुढचं वाक्य तयार असतं: "तुमचं बरंय, तुम्ही मुळातच बिनधास्त." ते 'मुळातच' मला झोंबतं. जन्माला येतानाच मिळालेला गुण म्हटला की विचारणाऱ्याचं काम संपतं, त्याला काही करायला लागत नाही.

तर, वाटते. दोन्हीकडे वाटते. पण बार, म्हणजे वजनं लावलेली लोखंडी दांडी, खांद्यावर आल्यानंतर काय वाटतं याला फारसा अर्थ नाही, तोवर ठरायचं ते ठरून गेलेलं असतं. बार उचलण्याआधी पाच मिनिटं मी रॅकशी, म्हणजे बार टेकवायच्या लोखंडी चौकटीशी, खुडबुड करत असते, त्याबद्दल आजवर एकानेही विचारलेलं नाही. दिसायला ते फारच कंटाळवाणं आहे, मान्य.

स्क्वॉट, म्हणजे बार खांद्यावर घेऊन खाली बसून उठणं. सलग पाच बैठकांचा सेट आहे. चौथी बैठक कशीबशी उठली आणि पाचवी उठणार नाही. तुमची सगळी भीती या चार-पाच सेकंदांत आहे, म्हणून तिथे जरा थांबू.

खाली जाताना सगळं ठीक असतं. तळाशी ताणलेल्या स्नायूंचा थोडा उसळा मिळतो, त्यावर बार दहा-बारा सेंटीमीटर वर येतो. मांड्या जमिनीला समांतर होऊन जेमतेम वर आल्या की तो उसळा संपतो आणि तरफेच्या हिशेबाने सगळ्यात वाईट जागा सुरू होते. बार मंदावतो. इथे शरीर चोरवाट शोधतं: कंबर झटकन वर जाते, छाती मागे राहते, भार तळव्याच्या मधून बोटांकडे सरकतो, टाचा हलक्या होतात. गुडघे आत यायला लागतात. हे दिसलं म्हणजे बैठक गेलीच असं नाही. तीन-चार सेकंद रेटून ती निघूही शकते. पण बार पूर्ण थांबला आणि परत खाली सरकायला लागला, की निर्णय झालेला असतो. आता झगडायचं नाही, बसायचं.

बसायचं म्हणजे नेमकं काय? हात बारवर तसेच घट्ट. पोटात धरलेला श्वास तसाच धरलेला. बार मागे फेकायचा नाही, पुढे झुकायचं नाही, ज्या वाटेने आलो त्याच वाटेने खाली जायचं. रॅकच्या दोन्ही बाजूंच्या सेफ्टीवर, म्हणजे बार झेलायला लावलेल्या आडव्या दांड्यांवर, बार टेकल्याचा खणकन आवाज येतो. दोन्ही बाजू टेकल्यावरच श्वास सोडायचा, मग डोकं खाली घालून पुढून बाहेर निघायचं. श्वास आधी सोडलात तर धड मऊ पडतं आणि बार मानेकडे येतो. नवशिके इथेच घाबरतात, कारण नेमकं इथेच "हुश्श" करावंसं वाटतं. बाहेर आल्यावर बारच्या टोकांच्या वजनाच्या प्लेट काढताना एक इकडची, एक तिकडची. एका बाजूच्या सगळ्या काढल्या तर बार दुसऱ्या बाजूला उलटतो.

हे जमण्यासाठी आधी करायची कामं अशी. रिकामा बार, २० किलोचा, घेऊन आपल्या खऱ्या खोलीपर्यंत बसायचं आणि बाजूने कोणाला तरी बघायला सांगायचं किंवा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा. तळाशी बार जिथे असतो त्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली सेफ्टी हवी. पकड सेफ्टीच्या आत हवी, नाहीतर बार टेकताना बोटं मध्ये सापडतात. मग रिकाम्या बारने मुद्दाम पडायचं. मग नेहमीच्या वजनाच्या निम्म्याने मुद्दाम पडायचं. किती जण हे करतात? वर्षानुवर्षं स्क्वॉट मारणाऱ्यांनीही एकदासुद्धा ठरवून सेफ्टीवर बार टेकवलेला नसतो. मग ज्या दिवशी खरंच अडकतं त्या दिवशी पहिल्यांदा शिकायचं, तेही सगळ्यात जड वजनाखाली. आणि भीतीचं विचारतात मला.

"मग स्पॉटर, अडकलो तर मदतीला उभा असलेला माणूस, कशाला असतो?" हाही ठरलेला प्रश्न. असतो, आणि चांगला असला तर सोन्यासारखा. पण स्क्वॉटच्या मागे उभा राहिलेला एक माणूस शंभर किलो पकडू शकत नाही, तो फार तर पाच-दहा किलोची मदत करतो. दोघं दोन टोकांना असतील तर दोघांनी एकाच क्षणी उचलावं लागतं. एकाने आधी उचललं की बार तिरपा होतो आणि पाठ पिळवटते. लोखंडी सेफ्टी फोनकडे बघत नसते.

बेंच प्रेसची, म्हणजे बाकावर उताणं झोपून बार छातीवरून वर ढकलण्याची, गोष्ट जास्त गंभीर आहे. तिथे बार मानेवर येऊ शकतो आणि माणसं मेलेली आहेत. म्हणून अंगठा बारभोवती गुंडाळलेला. सेफ्टी अशा उंचीवर, की पाठीची कमान ठेवून बार छातीला लागेल, पण कमान सोडून सपाट पडल्यावर बार सेफ्टीवर राहील. सेफ्टी नाही, माणूस नाही, तर प्लेट जागेवर धरणाऱ्या क्लिप लावू नका: अडकलात तर बार एका बाजूला कलवून प्लेट घसरवता येतात. आवाज होतो, सगळे वळून बघतात, जीव वाचतो.

डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरून बार उचलून उभं राहण्याला, यातलं काहीच नको. उचललं नाही तर ते जमिनीवरच राहतं. मोठ्या प्लेटचा व्यास ४५ सेंटीमीटर, म्हणजे बार जमिनीपासून साडेबावीस सेंटीमीटरवर. छोट्या प्लेट लावून सुरुवात करत असाल तर त्यांच्याखाली ठोकळे ठेवून ही उंची गाठा, नाहीतर विनाकारण जास्त वाकाल. गंमत म्हणजे लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते डेडलिफ्टला आणि सगळ्यात बेफिकीर असतात बेंचवर.

एक भीती मात्र खरी माना. श्वास धरून जड वजन उचलताना रक्तदाब काही सेकंदांसाठी प्रचंड वाढतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थेट धमनीत सुई घालून मोजणी केली होती, तेव्हा दोन्ही पायांनी वजन ढकलण्याच्या व्यायामात, म्हणजे लेग प्रेसमध्ये, सरासरी ३२०/२५० भरला होता. निरोगी माणसाचं शरीर तेवढ्यापुरतं हे पेलतं. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा डोळ्याच्या पडद्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, मला विचारू नका.

ताकदीच्या गप्पांत क्रोटनच्या मायलोचं नाव येतंच. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातला ग्रीक पैलवान, ऑलिम्पिकमध्ये सहा वेळा कुस्ती जिंकलेला. रोज वासरू उचलत गेला, वासराचा बैल झाला तरी उचलतच राहिला, ही कथा प्रत्येक ट्रेनर सांगतो. त्याच्या मरणाची कथा कोणी सांगत नाही. जंगलात पाचरा ठोकून अर्धवट चिरलेलं एक झाड त्याला दिसलं, त्याने फटीत हात घालून ते फाडायचा प्रयत्न केला, पाचरा निसटल्या, हात अडकले आणि लांडग्यांनी त्याला खाल्लं. दोन्ही दंतकथाच, पण वासराच्या कथेत हिशेबाची गडबड आहे. आठवड्यातून तीन दिवस दर वेळी अडीच किलो वाढवत गेलात तर वर्षात ३९० किलो व्हायला हवेत. होत नाहीत. काही महिन्यांत वाढ अडते, मग आठवड्याला अडीच, मग महिन्याला. बैल वाढत राहतो, माणूस थांबतो. झाडाची कथा मला जास्त उपयोगी वाटते, पण ती भिंतीवरच्या पोस्टरवर छापण्यासारखी नाही.

खाण्याच्या बाबतीत भीती नेमकी उलट्या जागी बसलेली असते. बारवरचं वजन वाढवायला माणसं तयार असतात, जेवण वाढवायला नाही. पोट सुटेल! मग तीन महिने बार एकाच आकड्यावर अडकतो आणि दोष व्यायामाच्या प्रोग्रॅमला. हिशेब साधा आहे. शरीराच्या दर किलोमागे रोज १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. ७० किलोच्या माणसाला ११२ ग्रॅम. तीन अंड्यांत १८, अर्धा लिटर दुधात १६, १०० ग्रॅम कोरड्या डाळीत २४, एकूण ५८. म्हणजे "मी भरपूर खातो" म्हणणारा निम्म्यावरच असतो. त्यावर रोजच्या गरजेपेक्षा अडीचशे-तीनशे कॅलरी जास्त. वजन रोज सकाळी, पोट साफ झाल्यावर करा आणि आठवड्याची सरासरी बघा. पाण्यानेच एखादा किलो इकडेतिकडे होतो, रोजच्या आकड्यावर रडू नका. सरासरी आठवड्याला पाव किलोने वर जात असेल तर बरोबर चाललंय. अर्ध्या किलोच्या वर गेली तर एक घास कमी करा. जिमवाल्यांना विकल्या जाणाऱ्या पावडरींच्या डब्यांपैकी पैसे वसूल करणारा एकच, साधं क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम. बाकीच्या डब्यांवर माझं मत विचारू नका, मैत्री टिकणार नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनांचे हे आकडे तुमच्यासाठी नाहीत.

आणि समजा चुकलंच, दोन किलो चरबी जास्त चढली. तीन-चार महिन्यांत उतरते. इथे परतीची वाट धोपट आहे, तरी लोक इथे भितात. बेंचवर ती वाट नसते, तिथे बिनधास्त झोपतात.

आता पैसा, म्हणजे तुमचा खरा प्रश्न. नोकरी सोडायचं धाडस कुठून आलं असं विचारता, तेव्हा मी आकडा विचारते आणि तुम्ही विषय बदलता. दरमहा किती लागतात? पगार किती आहे ते नको, घरभाडं, हप्ते, किराणा, औषधं, शिक्षण धरून खर्च किती आहे ते सांगा. तीन महिने लिहून काढल्याशिवाय हा आकडा कोणालाच माहीत नसतो आणि प्रत्येकाचा अंदाज कमीच निघतो. त्याची सहापट, एक-दोन दिवसांत हातात येईल अशा ठिकाणी. घरात कमावणारं एकच माणूस असेल किंवा उत्पन्न अनियमित असेल, तर नऊ ते बारापट. शेअरमध्ये नको, कारण मंदीत नोकऱ्या आणि बाजार एकदमच पडतात. २००८ मध्ये पडले, २०२० च्या मार्चमध्येही पडले. आरोग्य विमा वेगळा, तो या रकमेत धरायचा नाही. आणि महिना ३ टक्क्यांनी चढणारी कार्डाची थकबाकी आधी संपवायची. ती तशीच राहिली तर २४ महिन्यांत दुप्पट होते.

जिममधला धीर इथे तसाच्या तसा चालत नाही, हे मी वारंवार सांगते आणि वारंवार विसरलं जातं. बारवरचं वजन सुरुवातीला भराभर वाढतं, मग मंदावतं. पैसा उलटा. ८ टक्क्यांनी तो दुप्पट व्हायला नऊ वर्षं लागतात, आणि पहिली काही वर्षं काहीच घडत नाहीये असं वाटतं. जिममध्ये पहिल्याच महिन्यात बक्षीस मिळायची सवय लागलेली माणसं इथे दुसऱ्या वर्षी कंटाळून कुठल्या तरी टिपमागे धावतात.

आता माझ्या जुन्या मताशी थोडं भांडते, कारण तुमच्यातल्या काहींना ते आठवत असेल. पूर्वी मी म्हणायचे की सेफ्टी लावली की माणूस निष्काळजी होतो. पडलो तरी काय होतंय म्हणून न पेलणारं वजन लावतो, कसंही उचलतो. हे मत मी पूर्ण सोडलेलं नाही. रोज सेफ्टीवर बार आपटणारे दिसतात, आणि तशा सरावाने ताकद वाढत नाही, थकवा साचतो. सेटच्या शेवटी एक-दोन बैठका शिल्लक राहतील असं वजन हवं. पण म्हणून सेफ्टी काढून टाकायची, हा तेव्हाचा निष्कर्ष आता पटत नाही.

त्याहून अवघड प्रकरण उंचीचं आहे. सेफ्टी फार खाली लावली तर ती असून नसल्यासारखी: बार टेकेपर्यंत पाठ वाकलेली असते. फार वर लावली तर प्रत्येक बैठकीला बार आधीच टेकतो, मग नकळत माणूस अर्धवट बसायला लागतो आणि वर्षानुवर्षं अर्धाच स्क्वॉट मारतो, पूर्ण सुरक्षित. पैशाचंही तेच: तीन वर्षांचा खर्च बँकेत पडून आहे आणि तरी "अजून थोडे साठले की बघू" म्हणणारी माणसं मला माहीत आहेत. तुम्हालाही आहेत. त्यांना भित्रं म्हणायची माझी हिंमत नाही. त्यांच्या घरात कोण आजारी आहे, कोणाचा भार त्यांच्यावर आहे, हे मला काय माहीत?

रॅकमध्ये हा प्रश्न सुटतो. भोकं बहुतेक ठिकाणी पाच सेंटीमीटरच्या अंतराने असतात, आणि आपल्याला हवी ती उंची हमखास दोन भोकांच्या मध्ये येते. मग वरचं भोक धरायचं आणि रॅकच्या आत पायाखाली जाड प्लायवूडचा सपाट तुकडा टाकायचा, दोन्ही पाय पूर्ण मावतील एवढा. मऊ मॅट नको, तिच्यावर तोल जातो. पैशाच्या बाबतीत असलं प्लायवूड मला मिळालेलं नाही. सहा महिन्यांचे जमले तेव्हा वाटलं नऊ हवेत. नऊचे झाले. आता बाराचा विचार डोक्यात येतोय, आणि तो सावधपणा आहे की अर्धा स्क्वॉट, ते मला सांगता येत नाही.