१९४२ चं वर्तमानपत्र वर्गात आणायला लागलेले सहा आठवडे

मी सोलापुरात दहावीला इतिहास शिकवते. पुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' असा धडा आहे, तो शिकवताना दरवर्षी मला वाटायचं की मुलांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला प्रचार एकदा नीट दाखवावा. म्हणजे सरकार लोकांना काय सांगत होतं, आणि घरात चुलीपाशी खरं काय चाललं होतं. यंदा ठरवलंच.

ब्रिटनचं साहित्य मिळायला काहीच त्रास झाला नाही. लंडनच्या युद्ध संग्रहालयाची पोस्टर्स घरी बसून मोबाईलवर उघडली. एकात बसमध्ये दोन बायका गप्पा मारतायत आणि मागच्या सीटवर हिटलर कान देऊन बसलाय, म्हणजे कुठेही काही बोलू नका. मुलांना ते फार आवडलं. गाजराचं पण आवडलं. रात्रीच्या अंधारात जर्मन विमानं पाडणाऱ्या वैमानिकांची नजर गाजर खाऊन तीक्ष्ण झालीय असं तिथल्या लोकांना सांगितलं होतं, खरं कारण विमानात बसवलेलं रडार, आणि ते गुप्त ठेवायचं होतं. तिथे ८ जानेवारी १९४० पासून लोणी, साखर, बेकन रेशनवर गेलं हेही सांगितलं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, पण मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मॅडम, हे सगळं तिकडचं झालं की, आपल्याकडं काय चालू होतं?"

तेव्हाच ठरवलं की इथला, मराठी, त्या काळातला पेपर मुलांच्या हातात द्यायचा. आपल्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात (नाव लिहीत नाही) तेव्हाच्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फाइली आहेत हे मला माहीत होतं. शाळेपासून चालत पंधरा मिनिटं.

जूनच्या शेवटी गेले. काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, शाळेच्या लेटरहेडवर पत्र आणा. बरोबर आहे, आणलं. दुसऱ्या खेपेला म्हणाले, यावर जावक क्रमांक नाही. परत शाळेत, क्लार्क रजेवर, तीन दिवस गेले. तिसऱ्या खेपेला जावक क्रमांक होता, मुख्याध्यापकांची सही होती, तर म्हणाले गोल शिक्का पाहिजे, हा चौकोनी आहे. मी विचारलं, हे सगळं पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून का दिलं नाही? उत्तर नाही. चौथ्या खेपेला पत्र घेतलं, तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते वारीला गेलेले. वारीला गेले त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, माझ्या घरातूनही दोघं जातात, पण किल्ली दुसऱ्या कुणाकडे देऊन जायला काय हरकत होती? आषाढी होईपर्यंत थांबले. मग एकदाची फाइल समोर आली आणि तेव्हा कळलं की वाचायची परवानगी आहे, फोटोची नाही, त्याला कार्यकारिणीची मंजुरी लागते आणि बैठक महिनाअखेरीला.

त्या दिवशी मी रिक्षात बसून रडले, खरंच सांगते. मला हे सगळं ९ ऑगस्टच्या आत करायचं होतं, क्रांतिदिनाच्या आठवड्यात.

एक मात्र मान्य करते. तो कागद खरोखरच नाजूक आहे. पान उलटताना कडा पापडासारख्या तुटतात, पिवळा चुरा टेबलावर पडतो. झेरॉक्सला त्यांनी नाही म्हटलं ते योग्यच होतं, फाइल उलटी दाबली की बांधणी जाते. पण फ्लॅश बंद ठेवून खिडकीपाशी मोबाईलने फोटो काढला तर कागदाला काय होणार? हे मी तिथल्या चिटणीसांना समोरासमोर बसून सांगितलं, तेव्हा त्यांनी ऐकलं. म्हणजे काउंटरवर वाद घालत बसू नका, निर्णय घेणाऱ्या माणसाला भेटा. मला हे पाचव्या आठवड्यात सुचलं. आणि पत्राच्या दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. बैठकीत "असा अर्ज आलाच नाही" असं कुणीतरी म्हणालं होतं, पोच होती म्हणून वाचले.

६ ऑगस्टला फोटो मिळाले. अकरा पानं.

वर्गात पाच-पाच मुलांना एक पान दिलं. सप्टेंबर १९४२ च्या एका पानावर सैन्यभरतीची मोठी जाहिरात, पगार, कपडे, जेवण, सगळं मिळेल म्हणून. तिच्या शेजारी धरपकडीची बातमी, बोटभर, चार ओळींत संपलेली. मी काहीच बोलले नाही. एका मुलीने पट्टी काढली आणि दोन्ही मोजले. मग म्हणाली, "मॅडम, एवढ्या लोकांना पकडलं ते इवलंसं आणि भरती एवढी मोठी, हे मुद्दाम केल्यासारखं वाटायलंय." मग मी सांगितलं की युद्धात सेन्सॉर होता, काय छापायचं यावर बंधन होतं, आणि त्याच दिवसांत मुंबईतून उषा मेहता आणि त्यांचे सहकारी काँग्रेस रेडिओ लपून चालवत होते, नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडले जाईपर्यंत. तर लगेच प्रश्न आला, "मग तो पण प्रचारच ना?" या प्रश्नावर पूर्ण तास गेला आणि मला तो तास गेल्याचं जराही वाईट वाटलं नाही. कोण बोलतंय, कुणाला उद्देशून, काय गाळतंय, हे तीन प्रश्न मुलांनी स्वतःच फळ्यावर लिहिले. बंगालच्या १९४३ च्या दुष्काळात लाखो माणसं मेली आणि सरकारने तेव्हा दुष्काळ अधिकृतपणे जाहीरच केला नाही, हे त्यानंतर सांगितलं. वर्ग एकदम शांत झाला.

हो, घरचा अभ्यास सांगायचा राहिला, तो खरं तर पहिल्यांदा द्या, पेपर मिळायच्या आधी. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, युद्धात घरात काय बदललं. ६५ ला शास्त्रीजींनी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, तीन घरांत सोमवारी रात्री चूल पेटत नव्हती. एकाचे आजोबा ७१ ला मुंबईत गिरणीत होते, त्यांनी रात्री उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडकीला लावलेल्या काळ्या कागदाचं सांगितलं. सोलापूरच्या पूर्व भागातल्या, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतल्या एका मुलीची आजी तेलुगूत बोलली, मुलीने मराठीत लिहून आणलं: आजीच्या सासूबाई सांगायच्या, दुसऱ्या महायुद्धात सूत मिळेना म्हणून घरातला माग बंद पडला होता, आणि बाजारात कापड पण मिळत नव्हतं. विणकराच्या घरात कापड नाही. ती मुलगी एक भोकाचा पैसा पण घेऊन आली, १९४३ चा. तांब्याची टंचाई होती म्हणून मध्ये भोक पाडून पैसा काढला होता, हे मी सांगितल्यावर तो नाण्याचा तुकडा सगळ्या वर्गात फिरला, प्रत्येकाने भोकातून बघितलं.

फाइल मागताना नुसतं "युद्धाच्या वेळचे पेपर" म्हणू नका, महिना आणि वर्ष लिहून द्या, नाहीतर शोधायलाच कुणी उठत नाही. आणि पेन नेऊ नका, पेन्सिल न्या.

१९४३ ची फाइल बघायची राहिलीय. सोमवारी नवीन पत्र दिलं, जावक क्रमांक आणि गोल शिक्क्यासकट, पोच माझ्या पर्समध्ये आहे.