एकबोट्याची टाकी: मे ते दिवाळी

माझ्या घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीबद्दलच्या मागच्या नोंदीत दोनच मासे होते. पिवळा लीफ स्कॉर्पिअनफिश, म्हणजे टीनियानोटस ट्रायकँथस, आणि कोकॅटू वॉस्पफिश, म्हणजे ॲब्लाबिस टीनियानोटस. दोघेही डीलरकडून, विमानाने आलेले. मेच्या अखेरीस तिसरा आला तो गोव्यातल्या बेतूलहून, बादलीत, बॅटरीवरच्या एअरपंपाच्या भरवशावर. गॉब्लिनफिश, मायनस मोनोडॅक्टिलस. घरात सगळे त्याला एकबोट्या म्हणतात.

दुर्मिळ मासा म्हटलं की आपण सगळे ऱ्हायनोपिआस या महागड्या स्कॉर्पिअनफिशचे फोटो बघत बसतो आणि किंमत वाचून मोबाइल खाली ठेवतो. माझं म्हणणं असं की आधी एकदा जेटीवर जाऊन या. ट्रॉलरची मासळी निवडून झाल्यावर जो ढीग उरतो, त्यात आपल्या कामाचे मासे असतात. निवडणाऱ्या बायका त्यांना हात लावत नाहीत, काठीने बाजूला सारतात. ओळखायची सोपी रीत आहे. छातीच्या पराखालची सुटी बोटं मोजायची. एक असेल तर मायनस, दोन असतील तर इनिमिकस, तीन असतील तर कोरिडॅक्टिलस. तिन्ही आपल्या समुद्रात आहेत आणि दुकानाच्या यादीत क्वचितच दिसतात.

मात्र ट्रॉलरचा मासा टाकीसाठी घेऊ नका. तासन् तास ओढलेल्या जाळ्यात तो चेंगरलेला असतो, कातडी खरवडलेली असते, आणि मायनसच्या अंगावर तर खवलेही नाहीत. त्यामुळे ओळखीच्या एका होडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, किनाऱ्याजवळ थोडा वेळ टाकलेल्या जाळ्यात आला तरच ठेव. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात आणि त्या दिवसांत लहान होड्याही उधाणात फारशा जात नाहीत, म्हणून मे महिना गाठायचा होता. तो गाठला गेला.

क्वारंटाइनमध्ये, म्हणजे नव्या माशाला आधी वेगळं ठेवायच्या टाकीत, प्राझिक्वांटेल हे जंतांचं औषध दिलं, तांब्याची औषधं टाळली. मग मोठ्या टाकीत. त्याच्यासाठी अर्ध्या तळाची जाड कोरल-चुरी काढून बारीक ॲरॅगोनाइट वाळू घातली, कारण हा मासा दिवसभर वाळूत रुतून फक्त डोळे बाहेर ठेवतो आणि जाड चुरीत त्याचं पोट सोलवटतं. खडक सगळे सिरॅमिकचे आहेत. आपल्याकडचे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, तेव्हा ‘समुद्रातून आणलेला लाइव्ह रॉक’, म्हणजे जिवाणू-जीवांसकटचा प्रवाळाचा खडक, कुणी देऊ केला तर हात जोडून घरी या.

संध्याकाळी मोठे दिवे गेले की एकबोट्या निघतो. ते एकुलतं बोट पुढे टाकायचं, वाळू चाचपायची, अंग ओढायचं, परत बोट. अंधारात पायाने चपला शोधणाऱ्या माणसासारखी ही चाल तासभर बघितली तरी मला कंटाळा येत नाही. घरच्यांना येतो.

मायनसबद्दल एक जुनी गोष्ट इथे सांगायलाच हवी. ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावरचे सर्जन-निसर्गअभ्यासक अल्कॉक यांनी १८९२ मध्ये मायनस इनर्मिस या माशावर वाढणाऱ्या हायड्रॉइडचं, म्हणजे लवीसारख्या दिसणाऱ्या बारीक समुद्री प्राण्याचं, वर्णन प्रसिद्ध केलं. त्या हायड्रॉइडचं नावही माशावरूनच ठेवलं, स्टायलॅक्टिस मिनोई. माशाच्या अंगावर जिवंत लव, दोघांचं एकत्र बिऱ्हाड. मी टॉर्च घेऊन एकबोट्याची प्रत्येक बाजू तपासली. लव नाही. थोडी शेवाळ आहे, ती माझ्या दिव्यांची कृपा.

आता खाणं. या माशांच्या बाबतीत बाकी सगळं टाकीवाल्याला जमतं, अडतं ते इथेच. तिघेही दबा धरणारे. समोर काही हललं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतात, इतक्या झटक्यात की डोळ्याला फक्त ‘होतं, नाही’ एवढंच कळतं. न हलणारी वस्तू त्यांच्या लेखी अन्न नव्हेच. म्हणून सुरुवात जिवंत सुंगटांनी, म्हणजे कोळंबीने. खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीतल्या) मानशीपाशी, म्हणजे पाण्याच्या दारापाशी, मिळणारी बारीक सुंगटं मी आणतो, पण ती थेट टाकीत जात नाहीत. पावसात खाजनाचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि माझ्या टाकीचा खारेपणा हजारी ३५ वर आहे. वेगळ्या टबात हळूहळू मीठ वाढवत न्यायचं, दरम्यान त्यांना स्पिरुलिना खायला घालायचं. उपाशी सुंगट म्हणजे रिकामं कवच, त्यातून माशाला काय मिळणार?

नंतरची पायरी म्हणजे हीर. माडाच्या झावळीचा हीर हे जगातलं उत्तम फीडिंग स्टिक आहे आणि फुकट आहे. लवचिक असतो, पाण्यात दिसत नाही. टोक मात्र घासून बोथट करायचं. आधी अर्धमेलं सुंगट त्याला लावायचं, मग ताजं मेलेलं, मग फ्रीझरमधलं वितळवलेलं. हलवण्यात सगळी मेख. जोरात हलवलं की लीफफिश मागे सरकतो. हलकेच, थांबत थांबत, त्याच्या डोळ्याच्या रेषेत न्यायचं. त्याचा डोळा वळला की समजायचं काम झालं.

लीफफिश जुलैतच फ्रीझरच्या सुंगटावर आला. एकबोट्याने तर सगळ्यांना मागे टाकलं, वाळूवर हीर टेकवला की चालत येतो. वॉस्पफिश अजून अडून बसलाय. मेलेलं तोंडात घेतो, चघळल्यासारखं करतो, थुंकतो. जिवंत सुंगटाशिवाय त्याचं चालत नाही, आणि नरकासुराच्या रात्री शेजारच्या स्पीकरने टाकीची काच थरथरायला लागली तेव्हापासून तर तो आणखीच बुजला आहे. लीफफिश त्या रात्री हललाही नाही.

गोड्या पाण्यातले गप्पी देऊ नका हे परत सांगतो. समुद्री माशाला लागणारी लांब साखळीची स्निग्धाम्लं त्यांत पुरेशी नसतात. रोजच कच्ची तारली किंवा मांदेलीही नको. अशा बऱ्याच माशांत थायमिनेज असतं, ते जीवनसत्त्व बी १ मोडतं, आणि फ्रीझरमध्ये ठेवून ते जात नाही. अधूनमधून तिसऱ्यांचं मांस, म्हाकूलाची पट्टी असं फिरवत राहावं. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. दिवसभर बसून राहणाऱ्या प्राण्याला रोज जेवायला घातलं की यकृतावर चरबी चढते. आमच्या आईला हे पटत नाही, तिला तिघेही कायम उपाशी दिसतात.

लीफफिशची कात. नव्या लोकांनी हे नीट वाचावं. साधारण दोन आठवड्यांनी तो वरचा पातळ पापुद्रा टाकतो. त्याआधी रंग मळका होतो, अंगावर पांढुरकी धूसर झाक येते, खाणं बंद. बघणाऱ्याला वाटतं रोग झाला, आणि लगेच टाकीत औषध ओतलं जातं. ओतू नका. एक मोठी जांभई, थोडी झटापट, आणि पापुद्रा डोक्याकडून सुटत जातो. अंगावर बसलेली शेवाळही त्याच्याबरोबर जाते. कात टाकल्यावर तो पिवळाजर्द दिसतो आणि भूकही सपाटून लागते. स्किमरचा, म्हणजे फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा, कप मात्र त्या दिवशी बघून घ्यावा.

पावसाळ्यातली आणखी एक अडचण. एप्रिलमध्ये पाण्यावर पंखा लावला की तापमान दोन-तीन अंश उतरायचं. जुलैत हवाच इतकी दमट की पाण्याची वाफ होत नाही, आणि वाफ नाही तर गारवाही नाही. चिलर २५ वर ठेवलाय, पंख्याचा भरवसा सोडला. वीज जाते तेव्हा बॅटरीचे दोन एअरपंप आपोआप चालू होतात. जड जेवणाच्या दिवशी वीज गेली तर अमोनिया चढतो, म्हणून आभाळ भरून आलं की त्या दिवशी उपास. समुद्राचं पाणी आणायचा विचारही या दिवसांत करू नये. मांडवी-झुआरीच्या मुखाशी पावसात वरचं पाणी इतकं पातळ असतं की खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर बिघडलाय असं वाटावं. आरओच्या पाण्यात पाकिटातलं मीठ, बस.

चवथीला घर पोरांनी भरलं होतं, म्हणून टाकीच्या झाकणाला कुलूप लावलं. या तिघांच्याही पाठीच्या काट्यांत विष आहे. काट्याच्या खोबणीत ग्रंथी असते, काटा रुतला की वरचं आवरण मागे सरतं आणि विष जखमेत उतरतं. हे विष प्रथिनांचं, उष्णतेने मोडणारं. म्हणून लागलंच तर तो भाग सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवायचा. पाण्याचा अंदाज चांगल्या हाताने घ्यायचा, दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. आणि त्याच वेळी गाडी काढून बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात. थर्मामीटर आणि गरम पाण्याचा थर्मास टाकीशेजारी कायम आहे. जाळी मी वापरतच नाही, काटे त्यात अडकतात. मासा हलवायचा तर पारदर्शक प्लास्टिकचा डबा. स्टोनफिश, म्हणजे याच नात्यातला फार विषारी मासा, विचारणाऱ्यांना एकच उत्तर, माझ्या घरात नाही.

टाकीत चौथा येणार नाही. इनिमिकस वाढून मोठा होतो आणि त्याच्या तोंडात लीफफिश सहज मावेल. कोरिडॅक्टिलस लहान असतो, पण त्यालाही वाळूच लागते आणि ती अडवून एकबोट्या बसलाय. शिवाय वॉस्पफिश फ्रीझरच्या खाण्यावर येईपर्यंत नवं तोंड पोसायचं नाही असं ठरवलंय. तरी क्वारंटाइनची टाकी रिकामी करून ठेवलेली नाही, फिल्टर चालू आहे आणि तळात बारीक वाळू घातली आहे. होडीवाल्याला सांगितलंय, तीन बोटांचा जिवंत मिळाला तर दुपारी असो वा पहाटे, आधी फोन कर.