१३१ वरून ४८: थंडरबर्डच्या डाव्या पट्टीची आवराआवर

पहिला रविवार

थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममधली डावीकडची फोल्डरांची पट्टी वरपासून खालपर्यंत बघायची तर माउसचं चाक पाचदा फिरवावं लागतं, हे कित्येक महिने कळत होतं. आज चहा घेऊन बसले आणि वहीत रेघा मारत मोजलं. १३१ फोल्डर. माझं जीमेल ४६, अनुवादाच्या कामाचं खातं ५२, सोसायटीचं १९ (यंदा सेक्रेटरी मी, पाळी आली) आणि लोकल फोल्डर्समध्ये १४. यातले रोज उघडते किती? सहा. फार तर सात.

हात लावायच्या आधी प्रोफाइलची, म्हणजे थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग्ज ठेवतं त्या फोल्डरची, प्रत काढली. हेल्प मेनूतून ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन, तिथे प्रोफाइल फोल्डरसमोरचं बटण दाबलं की जागा कळते. मग थंडरबर्ड बंद करून तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर. ६.८ जीबी. तेवढ्यात मेथी निवडून झाली. आयमॅपच्या (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीच्या) खात्यांना ही प्रत फारशी वाचवत नाही, कारण त्या मेलचं खरं घर सर्व्हरवर असतं. पण लोकल फोल्डर्स फक्त आपल्या डिस्कवर असतात, ते गेले की गेले. २०१९ मध्ये मी ही पायरी गाळली होती. त्याबद्दल बोलायचं नाही.

सुरुवात कामाच्या खात्यापासून केली, कारण तिथे सगळ्यात जास्त गर्दी आणि सगळ्यात कमी माया.

पहिली गोष्ट दिसली ती अशी: पाठवलेल्या मेलचे फोल्डर तीन. सेंट, सेंट आयटम्स आणि सेंट मेसेजेस. कचऱ्याचेही तीन: ट्रॅश, डिलीटेड आयटम्स, डिलीटेड मेसेजेस. जंक, जंक ई-मेल आणि स्पॅम हे आणखी तीन, आणि आर्काइव्ह व आर्काइव्हज अशी एक जोडी. हे मी केलेलं नाही. या खात्यावर आधी आउटलुक होतं, मग ॲपलचा फोन आला, मग थंडरबर्ड. प्रत्येकाने आल्या आल्या स्वतःच्या नावाची फडताळं ठोकली आणि जाताना तशीच सोडून गेला. भाडेकरूंनी भिंतीत मारलेल्या खिळ्यांसारखं.

सेंट कोणता आणि ट्रॅश कोणता हे सर्व्हरनेच प्रोग्रॅमला सांगावं यासाठी २०११ मध्ये आयमॅपला एक जोड मिळाली, आरएफसी ६१५४ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले कागद). फोल्डरवर अदृश्य खूण असते, नाव काहीही असो. नव्या खात्यात म्हणून हा गोंधळ सहसा होत नाही. पण आधीच ठोकलेली फडताळं ती खूण काढून टाकत नाही, ते आपणच करायचं.

मी असं केलं. अकाउंट सेटिंग्जमध्ये कॉपीज अँड फोल्डर्स उघडून पाठवलेल्याची प्रत 'सेंट'मध्येच जाते ना ते बघितलं. मग 'सेंट मेसेजेस' उघडला, खाली आकडा पाहिला: ३१२. 'सेंट'चा आकडा वहीत लिहिला. सगळे निवडून ओढले, सोडले, आणि आकडे जुळेपर्यंत दुसरं काही केलं नाही. घाईत अर्धे हललेले असताना फोल्डर डिलीट करणारे लोक मला माहीत आहेत. एक तर फारच जवळून. हे ३१२ मेल सगळे फोनवरून पाठवलेले होते, त्यामुळे चार शब्दांचे. 'पोचले.' 'फाइल उद्या.' 'पोचले, रेंज नाही.'

मग रिकामा फोल्डर डिलीट केला आणि यादी होती तेवढीच राहिली. थंडरबर्ड फोल्डर डिलीट करतं म्हणजे तो उचलून ट्रॅशच्या पोटात ठेवतं. ट्रॅशच्या बाजूचा बाण उघडला तर आत सगळी मंडळी पंगतीला बसल्यासारखी. एम्प्टी ट्रॅश केल्यावर गेली.

फोनवरही हात फिरवायला हवा, नाहीतर आठ दिवसांत पुन्हा उगवतात. आयफोनमध्ये त्या खात्याच्या ॲडव्हान्स्डमध्ये मेलबॉक्स बिहेवियर्स असं आहे, तिथे सर्व्हरवरचा 'सेंट' निवडायचा.

दिवसाची कमाई: सात. उरले १२४.

आठवडाभर, रोज रात्री दहा मिनिटं

कामाच्या खात्यात ज्यांचं काम संपलं अशा ग्राहकांचे ३१ फोल्डर होते. ते पुसायचे नाहीत, पण रोज बघायचेही नाहीत. खात्यावर राइट-क्लिक, सबस्क्राईब, आणि टिका काढत गेले. मेल सर्व्हरवर तसेच. पट्टीतून नाव फक्त उतरतं. कोणी दोन वर्षांनी उगवलं तर परत टिक लावायची. सर्व्हर सेटिंग्जच्या ॲडव्हान्स्डमध्ये 'शो ओन्ली सबस्क्राइब्ड फोल्डर्स' चालू असायला हवं, माझ्याकडे ते बंद होतं आणि पहिल्या रात्री टिका काढून काहीच घडेना. ९३.

दुसरा रविवार: जीमेल

इथे फोल्डर म्हणजे फोल्डर नाहीत, लेबलं आहेत, हे डोक्यात पक्कं ठेवून बसायचं. एका मेलवर तीन लेबलं असली तर थंडरबर्डला तो तीन फोल्डरांत दिसतो, आणि शिवाय 'ऑल मेल'मध्ये चौथ्यांदा. ऑफलाइन प्रती ठेवत असाल तर डिस्कवरही तितक्या वेळा. जीमेलचं काम मी त्यामुळे थंडरबर्डमधून न करता ब्राउझरमधून करते: सेटिंग्ज, लेबल्स, आणि प्रत्येकासमोर 'शो इन आयमॅप' अशी टिक. ती काढली की लेबल तिथे जिवंत, इथे गायब.

२७ टिका काढल्या. 'ऑल मेल', 'इम्पॉर्टंट', 'स्टार्ड' गेले. कंसात 'आयमॅप' लिहिलेलं एक जुनाट कुटुंब होतं, त्याच्या पोटात ड्राफ्ट्स, सेंट आणि ट्रॅश. कुठल्या तरी जुन्या प्रोग्रॅमला जीमेलचे फोल्डर ओळखता आले नाहीत तेव्हाचं. त्याला कायमचं काढलं. बाकीची प्रवास, पाककृती, मुलीची शाळा २०१४, वगैरे लेबलं लपवली. ६६. फार खूश होते मी त्या रात्री.

तीन आठवड्यांनंतर, न ठरवलेली नोंद

सासूबाई स्वयंपाकघरातून: "अगं, या महिन्यात लाइटचं बिल आलंच नाही का?"

"येईल हो आई, मेलवर येतं."

"मागच्या महिन्यातही येईल म्हणालीस."

बिल आलं होतं. दोन्ही महिन्यांत आलं होतं, वेळेवर. मीच २०१७ मध्ये जीमेलमध्ये फिल्टर लावून ठेवला होता: वीजबिल आलं की इनबॉक्समध्ये यायचं नाही, थेट 'बिलं' या लेबलखाली जायचं. तेव्हा ते लेबल पट्टीत ठळक दिसायचं, म्हणून चालून जायचं. आता 'बिलं'ची टिक मी काढलेली, 'ऑल मेल'चीही काढलेली. म्हणजे थंडरबर्डपुरतं ते बिल जगात कुठेच नव्हतं. फोनवर मी इनबॉक्सच्या पलीकडे जात नाही. एसएमएस जातो तो सासऱ्यांच्या जुन्या नंबरवर, आणि तो फोन कपाटात. दोन बिलं आणि विलंब आकार एकदम भरला.

आपल्यातल्या जाणत्यांना हे बाळबोध वाटेल, पण लिहूनच ठेवते: फोल्डर लपवायच्या आधी फिल्टर बघा. थंडरबर्डचे मेसेज फिल्टर्स नव्हेत, सर्व्हरवरचे. ते इथून दिसतच नाहीत. मी त्याच संध्याकाळी जीमेलचे सगळे फिल्टर काढून बसले, १९ निघाले, त्यातले अकरा अशा लेबलांकडे मेल ढकलत होते जी मी गेल्या पाच वर्षांत उघडली नव्हती. सहा उडवले. बाकीच्या पाचांची 'स्किप द इनबॉक्स' ही टिक काढली. 'बिलं' पट्टीत परत आलं. ६७.

चौथा की पाचवा रविवार: सोसायटी

हे प्रकरण मला सगळ्यात आवडलं. खातं एका सेक्रेटरीकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत आलेलं, आणि प्रत्येकाने मराठी शब्द रोमन लिपीत आपापल्या कानाने लिहिलेले. विजेचा फोल्डर एकाने व्ही-आय-जे असा केला, पुढच्याला तो सापडला नाही म्हणून त्याने व्ही-डबल ई-जे केला, आणि माझ्या आधीच्या काकांनी सरळ देवनागरीत 'वीज'. पाण्याच्या टँकरचंही तेच, एक ए की दोन ए, आय की डबल ई. लिफ्टचा फोल्डर मात्र एकच. इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग सगळ्यांना शाळेत शिकवलेलं असतं.

सगळे एकत्र करून देवनागरी नाव ठेवायचं ठरवलं. ठेवण्याआधी होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून सर्व्हरवरची कच्ची यादी बघायची खाज आली, आणि तिथे 'वीज', 'पाणी', 'घर' असं काहीच नाही! 'घर'च्या जागी काय, तर अँडची खूण, मग सी-आर-जी-जे-एम-ए, त्यातला जी तेवढा लहान लिपीतला, शेवटी आडवी रेघ. क्षणभर वाटलं फोल्डर बिघडला. बिघडलेलं काही नाही. आयमॅप हा मूळचा सात बिटांच्या, म्हणजे साध्या इंग्रजी अक्षरांचा कारभार. २००३ च्या नियमपुस्तकाप्रमाणे बाहेरची लिपी सुधारित यूटीएफ-७ नावाच्या पोशाखात घालून पाठवायची. घ आणि र यांचे युनिकोडमधले चार बाइट सहा अक्षरांत कोंबलेले, पुढे-मागे खुणा. २०२१ च्या नव्या आवृत्तीत साध्या यूटीएफ-८ ला (सगळ्या लिपी चालणाऱ्या आजच्या पद्धतीला) वाट आहे, पण सर्व्हर बदलायला वेळ घेतात. थंडरबर्ड पोशाख उतरवून आपल्याला 'घर'च दाखवतं, त्यामुळे देवनागरी नावं बिनधास्त ठेवा. मी नंतर वहीवर हाताने 'घर'चा हिशोब करून पाहिला, जुळला. यात कोणाला काय मिळतं असं घरचे विचारतात.

एकच कुरकुर. देवनागरी नावं यादीत सगळ्या रोमन नावांच्या खाली जातात. 'वीज' रोज लागते आणि ती तळाला. पूर्वी यासाठी ॲड-ऑन टाकावं लागायचं. आवृत्ती १४० पासून फोल्डर हाताने ओढून हव्या त्या क्रमाने लावता येतात. लावले. १९ चे नऊ झाले. एकूण ५७.

लोकल फोल्डर्स

थोडक्यात: १४ चे पाच. खरं काम झालं ते कॉम्पॅक्टने. मेलचा प्रत्येक फोल्डर डिस्कवर एक लांबलचक फाइल असते, शेजारी तिची .एमएसएफ अनुक्रमणिका. मेल डिलीट केला की अनुक्रमणिकेतून नाव खोडलं जातं, मजकूर मोठ्या फाइलमध्ये पडूनच राहतो. कॉम्पॅक्ट केल्यावर तो खरोखर जातो. इतकी वर्षं कॉम्पॅक्टची विचारणा आली की मी 'नंतर' दाबत होते. प्रोफाइल ६.८ वरून ४.१ जीबीवर आलं. (जीमेलच्या दुहेरी प्रती गेल्या त्याचाही वाटा यात आहे, सगळं श्रेय कॉम्पॅक्टला नको.)

आता पट्टी कशी दिसते

एकूण ४८: काम १४, जीमेल २०, सोसायटी ९, लोकल ५. पण ४८ सुद्धा रोज बघत नाही. रोजच्या नऊ फोल्डरांवर राइट-क्लिक करून फेव्हरेट केलं, आणि पट्टीच्या डोक्यावरच्या तीन टिंबांतून फोल्डर मोड्समध्ये फेव्हरेट आणि ऑल असे दोन्ही लावले. आता एकाहून जास्त मोड एका वेळी चालतात. वर नऊ नावं, खाली ऑल फोल्डर्स मिटून ठेवलेला.

युनिफाइड फोल्डर्सची बरेच जण शिफारस करतात. मी चार दिवस वापरलं. सगळ्या खात्यांचे इनबॉक्स एकत्र, सुटसुटीत दिसतं खरं. पाचव्या दिवशी पार्किंगच्या भांडणाचं उत्तर सोसायटीच्या पत्त्यावरून न जाता माझ्या खासगी पत्त्यावरून जाता जाता राहिलं. बंद केलं.

राहिलं ते लोकलमधलं एक त्रिकूट: 'नंतर', 'नंतर २' आणि 'हे नक्की बघ'. मिळून २२१ मेल. एकेक उघडत गेले. २०१६ च्या वेबिनारची आमंत्रणं, बंद झालेल्या सेवांच्या सवलती, एका मैत्रिणीने पाठवलेली रव्याच्या लाडवांची कृती, जी मला एव्हाना तोंडपाठ आहे. २१४ गेले. उरलेल्या सातांवर पाच हे बटण दाबलं, म्हणजे 'लेटर'चा टॅग लागतो, आणि त्या टॅगचा सेव्ह्ड सर्च (फोल्डरासारखा उघडणारा जतन केलेला शोध) करून ठेवला. 'नंतर २' आणि 'हे नक्की बघ' काढले. 'नंतर' रिकामा आहे, पण अजून ठेवलाय. ४८ मध्ये तो धरलेला आहे.